नात्याच्या रकान्यात मामा

जेलमध्ये कुणाला भेटायचं तर एक अर्ज भरावा लागतो. त्यात ‘कैद्याशी नाते’ असा एक रकाना असतो. त्या रकान्यात मी माझ्या स्वच्छ अक्षरात ‘मामा’ असं लिहिलं आणि त्या दोन अक्षरांनी आमचे अकरा आठवडे खाल्ले. लिहिलं ते शंभर टक्के खरं होतं, आणि अडचण तिथंच झाली.

मी कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. बोल्ट, वॉशर, बेअरिंग मोजून देतो आणि उरलेलं मोजून परत घेतो. आमचं मूळ घर कुंडलचं, मी राहायलाही तिथंच. तिथं भावकीत कुणाचाही कुठलाही फॉर्म असला की तो माझ्याकडे येतो, कारण मी खाडाखोड करत नाही आणि नसलेलं लिहीत नाही. या सवयीचा मला तीस वर्षं अभिमान होता. आता थोडा कमी आहे.

कैदी म्हणजे माझा चुलत भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. सतरा वर्षं लष्करात नोकरी करून तो घरी आला. गाव त्याला फौजी म्हणतं, मीही इथं तेच म्हणतो. घरी आल्यावर त्यानं एक पिकअप गाडी घेतली आणि आटपाडीकडच्या एका वाळूवाल्याला भाड्यानं लावली. सातारा जिल्ह्याच्या हद्दीत त्या वाळूवाल्याची दुसऱ्या वाळूवाल्याशी मारामारी झाली, एकाचा पाय कायमचा गेला, आणि माणसं ज्या गाडीतून मारामारीला गेली ती गाडी निघाली फौजीची. टोळी म्हणून नऊ जण धरले, त्यातला नववा फौजी. गाडीच्या मालकाला टोळीत मोजायचं की नाही हे कोर्ट ठरवणार आहे, अजून ठरलेलं नाही, म्हणून त्यावर मी काही लिहीत नाही. मी लिहितोय ते त्याला कुठं आणि कसं ठेवलं होतं त्याबद्दल.

बाकीचे आठ जण साध्या बराकीत गेले. त्यांत ज्यानं खरोखर कुऱ्हाड चालवली असं म्हणतात तोही होता. फौजीला मात्र दूरच्या एका मोठ्या जेलच्या अतिसुरक्षा विभागात नेलं. कागदावर कारण असं होतं: ‘माजी सैनिक, कमांडो, शस्त्रे चालविण्याचे विशेष प्रशिक्षण, पळून जाण्याची शक्यता.’ पुरावा म्हणून एका फ्लेक्सचा फोटो जोडला होता. तो निवृत्त होऊन आला तेव्हा गावानं एसटी स्टँडसमोर लावलेला तो फ्लेक्स. दहा फूट बाय आठ फूट. फौजी हातात बंदूक घेऊन उभा, मागे बर्फाचा डोंगर, आणि खाली ‘शत्रूचा कर्दनकाळ’. आमच्या गावात सैन्यातून येणाऱ्या प्रत्येकाचा असा फ्लेक्स लागतो आणि प्रत्येक जण शत्रूचा कर्दनकाळ असतो. बर्फाचा डोंगरसुद्धा एकच आहे, छापणाऱ्याच्या संगणकातला.

फौजी लष्करात आचारी होता.

हे घरात मला एकट्याला माहीत होतं, कारण त्याच्या पेन्शनचे कागद मी भरले. लष्कर आचाऱ्यालाही सुरुवातीला बंदूक शिकवतं, हे नोंदवायला हवं. पण त्यानं शेवटची गोळी भरतीच्या पहिल्या वर्षी झाडली, आणि ती कुठं गेली हे त्याच्या उस्तादालाही सापडलं नव्हतं. त्यानंतर सोळा वर्षं हातात झारा. फ्लेक्सवरची बंदूक पहाऱ्यावरच्या शिपायाकडून फोटोपुरती मागून घेतलेली.

“दादा, ह्ये कुणाला सांगू नगंस,” कागद भरताना तो म्हणाला होता. “आईला न्हाई. हिला तर न्हाईच न्हाई.”

“अरे, आचारी असण्यात काय वाईट आहे?”

“तू कुपवाडात बोल्ट मोजतोस, तुला न्हाई कळायचं. गावात घरटी एक फौजी हाय. पारावर बसलं की परत्येक जण आपली गोळीची गोष्ट काढतो. मी काय सांगू? आमच्या युनिटात एकदा डाळ करपली हुती?”

मी वचन दिलं. त्या फ्लेक्सखालून रोज कामाला जाताना मान खाली घालत होतो, एवढंच.

आता त्याची ती खोली. खोलीची मापं त्यानं मला पहिल्याच भेटीत सांगितली, कारण मी विचारली. लांबी त्याची साडेदहा पावलं, रुंदी आठ. पाऊल म्हणजे टाचेला अंगठा लावून. बावीस तास आत. सकाळी एक तास आणि दुपारी एक तास बाहेर, तेही एकट्यानं, चारी बाजूंनी भिंत असलेल्या एका चौकात. गुडघ्याएवढ्या भिंतीमागं संडास, आणि वर कॅमेरा. दिवा चोवीस तास चालू. डोळ्यांवर टॉवेल घेऊन झोपलं तर शिपाई दार वाजवून सांगतो, तोंड दाखव. वर्तमानपत्र येतं, पण त्यातून कात्रीनं चौकोन काढलेले. मागच्या पानावरचं राशिभविष्य नेमकं त्या चौकोनात जातं, असं त्याचं म्हणणं.

आणि पायजम्याची नाडी काढून घेतलेली. नाडीनं माणूस स्वतःला काही करून घेईल म्हणून. त्यामुळं भेटीला तो येई तेव्हा एका हातात पायजमा धरलेला असे. मध्ये जाड काच, दोन्ही बाजूंना टेलिफोनसारखा रिसीव्हर, त्याच्या मागं हातभर अंतरावर शिपाई. एका हातात रिसीव्हर आणि एका हातात पायजमा धरलेला कर्दनकाळ मी वीस मिनिटं बघत बसायचो. भेट आठवड्यातून एक, वीस मिनिटांची. पुढं आम्ही इलॅस्टिकचा पायजमा नेला. त्याला मंजुरी मिळायला पाच आठवडे लागले, कारण इलॅस्टिक ही नाडी आहे की नाही यावर वर विचारणा झाली होती.

पहिल्या भेटीत त्यानं मला सतरा प्रश्न विचारले. उसाला पाणी आलं का, मोटर जळाली ती भरून आणली का, धाकटीचा दात पडला का. मी मोजले, कारण उत्तरं लिहून आणायची होती. चौथ्या महिन्यात तो भेटीला दोन प्रश्न विचारू लागला, आणि दुसऱ्याचं उत्तर ऐकायच्या आत काचेवरच्या डागाकडे बघत बसू लागला.

त्याला धरल्यावर आम्ही जो वकील नेमला होता, त्यानं तोवर एकदाही त्याची भेट घेतली नव्हती. म्हणून आम्ही मामांकडे गेलो. मामा म्हणजे फौजीच्या आईचे सख्खे भाऊ, साताऱ्याला वकिली करतात. बहुतेक जमिनीच्या वाटण्या, पण काळा कोट तोच असतो. ते लगेच तयार झाले. मंगळवारी मी त्यांना साताऱ्यात गाठलं आणि त्यांच्या गाडीतून आम्ही जेलच्या दारात पोचलो. गाडी अर्धा किलोमीटर लांब लावावी लागते. मामांचा वाचायचा चष्मा गाडीत राहिला.

“लिही रं तूच,” त्यांनी अर्ज माझ्यापुढं सरकवला. “तुजं अक्षर बरं हाय.”

नाव, पत्ता, वय. मग तो रकाना. कैद्याशी नाते. मी लिहिलं, मामा.

वकिलाची भेट वेगळी असते. तिच्यात काच नाही, रिसीव्हर नाही. टेबलाला समोरासमोर बसायचं. शिपायानं दिसेल इतक्या अंतरावर उभं राहायचं, ऐकू येईल इतक्या नाही. कितीही सुरक्षेचा विभाग असला तरी वकील आणि अशील काय बोलतात ते तिसऱ्यानं ऐकायचं नाही. हे मामांना पाठ होतं, पण त्यांना नेऊन बसवलं काचेपुढं. ते म्हणाले, असंल या विभागाचा कायदा वेगळा. जमिनीच्या वाटणीत काच नसते, त्यामुळं त्यांनाही ठाम सांगता येईना. चार आठवडे ओळीनं दर मंगळवारी ते रिसीव्हरवर भाच्याशी बोलले. शिपाई मागं, वर कॅमेरा, आणि बोलणं सगळं साठवलं जातंय अशी भिंतीवर पाटी. फौजी म्हणायचा, “बराय मामा. आईला सांगा बराय.” संपलं.

आणि त्याच चार आठवड्यांत दर गुरुवारी फौजीची बायको पहाटेच्या गाडीनं निघून, दोन एसट्या बदलून दारात यायची आणि तिला परत पाठवायचे.

“या आठवड्याची भेट झाली.”

“कुणाची झाली? मी तर आत्ता येतीया.”

“नातेवाइकांची. मामा येऊन गेले.”

चौथ्या गुरुवारी ती घरी आली ती सरळ माझ्या दारात. चप्पलसुद्धा काढली नाही. “भावजी, मामा आत जाऊन करत्यात तरी काय? वकिलाची भेट वेगळी म्हणत हुता नव्हं तुमी? मग माजा गुरुवार का जातुया?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शुक्रवारी रजा टाकून मी जेलच्या खिडकीशी गेलो. तिथल्या कारकुनानं संगणक बघितला.

“वकील हायती तर नात्यात मामा कशाला लिहिलं?”

“कारण ते मामा आहेत.”

“मग वकील न्हाईत.”

“वकीलही आहेत.”

“काका, रकाना एक हाय. त्यात दोन माणसं बसत न्हाईत.”

“माणूस एकच आहे हो. तुम्ही खोडून वकील लिहा.”

“संगणकात एकदा नातं चढलं की उतरत न्हाई. अर्ज करा. सनदेची नक्कल जोडा. वकीलपत्र जोडा, कैद्याच्या सहीचं.”

हे वकीलपत्र मोठं गमतीचं निघालं. त्यावर कैद्याची सही हवी. सही घ्यायला वकिलानं कैद्याला कागद द्यायला हवा. काचेतून कागद जात नाही. काच नसलेली भेट हवी तर आधी वकीलपत्र हवं. मी खिडकीशी उभं राहून हे चक्र त्या कारकुनाला तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “बराबर हाय तुमचं,” आणि खिडकी जेवणासाठी बंद केली.

मामा माझ्याशी दोन आठवडे बोलले नाहीत. मग कोर्टामार्फत कागद जेलला गेला, जेलात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, सही झाली, सही त्याचीच आहे अशी दुसऱ्याची सही झाली, शिक्का राहिला म्हणून परत गेला, शिक्का झाला. सात आठवडे. आधीचे चार धरून अकरा.

त्या सात आठवड्यांत गुरुवारी कधी ती जायची, कधी मी. एकदा ती परत आली आणि पायरीवर बसली. “भावजी, आज म्हशीचं नाव आठवंना त्यास्नी. ‘ती आपली... ती आपली...’ करत बसले. म्हस त्यांनीच आणली, नाव त्यांनीच ठेवलं.” ती रडली नाही. पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली, परत मारली.

मामांचं म्हणणं साधं होतं. तो कमांडो आहे म्हणून त्याला एकट्याला डांबलंय. तेव्हा लष्करातल्या नोकरीचे कागद बघू, वर्तणूक चांगली असेल तर कोर्टाला सांगू. कागद काळ्या ट्रंकेत होते. ट्रंकेची किल्ली फौजीच्या अंगावरच्या वस्तूंबरोबर जेलात जमा होती. किल्ली सोडवायची सही तो करून देईना. आणि मी त्यात काय आहे ते सांगेना.

वाचणारा म्हणेल, माणूस तिकडं म्हशीचं नाव विसरतोय आणि हा वचन पाळत बसलाय. खरं आहे. मीही रोज स्वतःला तेच म्हणत होतो. पण मामांना सांगितलं की तासाभरात त्यांच्या बहिणीला, म्हणजे फौजीच्या आईला कळणार, आणि बहिणीला कळलं की मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावर सांगितल्यासारखंच. त्यात तो आतमध्ये ‘कमांडो’ म्हणून नांदत होता. शिपाई त्याला ‘कमांडोसाहेब, जेवलासा का?’ असं विचारायचे. बाकी सगळ्यांना नुसता नंबर. ते त्याच्याकडून मी परस्पर कसं काढून घेऊ?

म्हणून मी एका गुरुवारी काचेपुढं प्रयत्न केला.

“ते ट्रंकेतलं,” मी रिसीव्हरमध्ये म्हणालो, “आता सांगू दे मला.”

फौजीनं मान हलवली. नाही.

मागचा शिपाई पुढं झाला. “काय हाय ट्रंकंत?”

“घोंगडी,” मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. वर घोंगडीच होती.

“घोंगडीची परवानगी कशाला लागती मग?”

“थंडी पडलीय,” मी म्हणालो. मे महिना होता.

अखेर वकीलपत्र झालं आणि मामांना खरी भेट मिळाली. त्या दिवशी साताऱ्यात चहा पिताना मी त्यांना म्हणालो, “मामा, आत गेल्यावर त्याला एवढंच सांगा. दादा वचन मोडत नाही, तूच त्याला मोकळा कर. आणि विचारा, दादानं पेन्शनच्या फॉर्मात हुद्द्यापुढं काय लिहिलं.”

“काय लिहिलंस?”

“ते मला सांगता येत नाही.”

“वकील मी हाय का तू?” मामांनी कप आपटला. “फॉर्म दिसला की तुज्या अंगात येतं काय रं?”

या वेळी अर्ज त्यांनी स्वतः भरला. चष्मा लावून.

वकिलांच्या भेटीची खोली दारापासून जवळ आहे. नऊ फरशा लांब, सात रुंद, फरशी एक फुटाची. एवढ्या खोलीत दिसेल पण ऐकू येणार नाही असं उभं राहणं कुणालाच जमणार नाही, म्हणून शिपाई बाहेर बोळात येऊन दाराच्या काचेतून बघत होता. बोळातल्या बाकावर मी. थोड्या वेळानं मीही उठून त्याच्याशेजारी उभा राहिलो. ऐकायला मनाई होती, दिसायला नव्हती.

“तुमचा कोण?” शिपायानं विचारलं.

“चुलत भाऊ.”

“माणूस गरीब हाय. पर कमांडो म्हंजे भरवसा न्हाई. साहेब म्हणत्यात, नुसत्या हातानं माणूस मारत्यात हे.”

आत फौजी टेबलाकडं बघत होता. इलॅस्टिकची मंजुरी आली होती, त्यामुळं दोन्ही हात टेबलावर होते, आणि त्या हातांचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. मामा पुढं वाकून बोलत होते. दहा मिनिटं काहीच झालं नाही. मी घड्याळ बघत होतो. बारा मिनिटं. मग मामांचा तळहात वर झाला, म्हणजे बहुधा ‘काय लिहिलं हुतं?’

फौजीनं एक शब्द उच्चारला. मामांनी कानाला हात लावला. त्यानं परत उच्चारला. मामा खुर्चीत मागं टेकले. मग त्यांनी काहीतरी विचारलं, आणि फौजी उठून उभा राहिला. शिपाई सावध झाला, हात कडीवर गेला. फौजीनं दोन्ही हात एकावर एक धरले, जणू एखादा लांब दांडा धरलाय, आणि तो खाली वाकून हवेत मोठमोठे गोल फिरवू लागला. कमरेपासून. डावीकडून उजवीकडं, मग तळापासून वर.

“काय करतोय त्यो?” शिपाई म्हणाला. “ही कसली कवायत?”

मला ती कवायत ओळखू आली. आमच्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी कढईपुढं आचारी असाच उभा असतो. मामांनी कपाळ टेबलाला टेकवलं होतं. त्यांचे खांदे हलत होते. रडतायत की काय असं मला वाटलं. डोकं वर केलं तेव्हा डोळे पुसत हसत होते, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा फौजीही.

“लय भारी कमांडो दिसतोय,” शिपाई म्हणाला.

“हो,” मी म्हणालो. हे मात्र खोटं होतं, आणि त्याची नोंद इथं करतो.

फौजीनं किल्लीसाठी सही दिली. एका अटीवर: आईला आणि बायकोला कळता कामा नये. मामांनी कबूल केलं. कबूल करताना त्यांच्या लक्षात आलं नाही की अर्जाची सुनावणी उघड्या कोर्टात होते, आणि आमच्या गावाला कोर्ट म्हणजे जत्रा. साताऱ्याला तारखेच्या दिवशी दोन क्रूझर भरून माणसं आली. मी मोजली, फौजीच्या बायकोला सोडून तेवीस. ती तिसऱ्या बाकावर, हातात डबा.

सरकारी वकिलांनी फ्लेक्सचा फोटो दाखवला. दहा बाय आठ, बंदूक, बर्फ, कर्दनकाळ. मग मामा उठले. त्यांनी नोकरीचं पुस्तक पुढं केलं.

“साहेब, कमांडो हा शब्द यात कुठंही नाही. हुद्दा आचारी. वर्तणूक उत्तम. डोंगर छापखान्याचा आहे.”

न्यायाधीशांनी पुस्तक उलटं-सुलटं करून बघितलं. “सतरा वर्षं?”

“होय साहेब. चारशे माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक. त्यानं आजवर कुणाला काही केलं असेल तर जेवायला घातलंय.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग तेवीसच्या तेवीस. बेलिफानं सगळ्यांना गप्प केलं. मी तिसऱ्या बाकाकडं बघितलं. फौजीच्या बायकोचा डबा मांडीवर तसाच होता. ती हसत नव्हती. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

हुकूम आठवड्यानं आला. वेगळं ठेवण्यास सबळ कारण दिसत नाही, साध्या बराकीत हलवावं. खटला चालू राहील, जामिनाचं पुढं बघू. अतिसुरक्षा विभागात तो सात महिने नऊ दिवस होता. ज्या दिवशी हलवलं त्याच दिवशी शिपायांनी ‘साहेब’ म्हणणं बंद केलं, असं त्यानं नंतर सांगितलं. पण रात्री दिवा विझतो, एका बराकीत साठ माणसं आहेत, आणि त्यातले निम्मे बोलतात, निम्मे घोरतात, त्यामुळं झोप छान लागते.

पुढचा गुरुवार. मी तिच्याबरोबर गेलो. साध्या कैद्यांच्या भेटीला काच नसते, जाळी असते. जाळीच्या अलीकडं एका वेळी आठ-दहा घरं, पलीकडं आठ-दहा कैदी, आणि सगळे एकदम ओरडून बोलतात. अर्जात नात्याच्या रकान्यात मी ‘पत्नी’ लिहिलं आणि दोनदा वाचून बघितलं.

फौजी आला. तिच्याकडं बघून त्यानं मान खाली घातली. त्याला कळलं होतं.

“सतरा वर्षं!” ती पहिल्या शब्दापासून वरच्या पट्टीत. “चारशे माणसाचं करत हुता तुमी! आन सुट्टीवर आलं की पाण्याचा तांब्या हातात द्यावा लागायचा!”

“अगं हळू. माणसं ऐकत्यात.”

“ऐकू द्या! कोर्टात तेवीस माणसांनी ऐकलं, ह्यांनी ऐकलं म्हणून काय हुतंय? मला टायफाइड झालता तवा आठवतंय? पोरींनी कच्ची भाकरी खाल्ली आठ दिस. तुमी सुट्टीवर हुता. वट्यावर बसून काय म्हणलासा? ‘मला कुठं चूल पेटवाया येती, मी फौजी माणूस.’”

“असं म्हणलो हुतो?”

“म्हणलं हुतासा!”

जाळीवरचे बाकीचे आवाज हळूहळू खाली आले. शेजारच्या कैद्याला भेटायला आलेली म्हातारी आपल्या लेकाला सोडून इकडं तोंड करून उभी राहिली. फौजी लाल झाला होता. जाळीत बोटं अडकवून तो नुसता उभा होता, आणि मला वाटलं, हा आता परत गप्प होणार, आणि या वेळी कारण काच नाही, शिपाई नाही, घरचंच माणूस.

“चूल निराळी, भट्टी निराळी,” तो शेवटी म्हणाला.

“काय निराळी? मला शिकवू नगा. सांगा बघू, चारशे माणसाला डाळ किती?”

“सकाळची का संध्याकाळची?”

ती क्षणभर अडली. “सकाळची.”

“माणशी ऐंशी ग्राम धरायची. बत्तीस किलो.”

मी मनात गुणाकार केला. बरोबर होतं.

“पर मी तीस घालायचो. पोरं सकाळी परेडवरनं येत्यात, त्यास्नी पातळ लागती, प्यायला. आन फोडणीला लसूण आधी न्हाई टाकायचा, करपतो, आन चारशे माणसाची डाळ करपली की समदी छावणी तुज्या नावानं...” तो थांबला, मग परत सुरू झाला. भट्टी कशी लावायची, पाणी आधणाला कधी ठेवायचं, डोंगरावर डाळ शिजत नाही तेव्हा काय करायचं. दोन्ही हात जाळीवरून सुटले होते. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती, चूक सापडेल या आशेनं.

“आन मीठ?” ती म्हणाली. “मीठ किती?”

“मीठ डोळ्यानं.”

“डोळ्यानं म्हंजे? काय तरी माप असंल की.”

“चला, वेळ झाली,” शिपाई म्हणाला.

“थांबा हो, मीठ राहिलंय,” ती त्याच्यावर ओरडली.

शिपायानं घड्याळ बघितलं. वीस मिनिटं होऊन दोन मिनिटं गेली होती. त्यानं मागं वळून बघितलं, मग फौजीकडं. “बरं, सांगून टाक. मीठ किती?”

“तसं न्हाई सांगता येत,” फौजी म्हणाला, आणि सांगू लागला.